दूध, उंदीर आणि स्तनाचा कर्करोग : प्रयोग कसा वाचावा?



आपल्या गटागटांतली पुष्कळ मुले आज उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यात पोटापाण्याला गेली आहेत. कोणी अंबरनाथच्या आयुध निर्माणीत, कोणी बदलापूरच्या औद्योगिक वसाहतीत, कोणी उल्हासनगरच्या कॅम्पात दुकानावर. लग्न होऊन तिकडे नांदायला गेलेल्या लेकीही थोड्याथोडक्या नाहीत. दिवाळीला, जत्रेला ही मंडळी गावी आली की अलीकडे एक विचारणा हटकून होते : "दूध प्यायल्यानं बाईमाणसाला छातीचा कॅन्सर होतो म्हणे. उंदरांवर सिद्ध झालंय. खरं का हो?" विचारून थांबले तर ठीक. पण काही घरांतून वयात आलेल्या पोरींचे आणि गरोदर सुनांचे दूध बंद झाल्याचे कानावर येते. म्हणून या अंकातला आरोग्याचा पाठ या विषयावर.

आधी एक गोष्ट कबूल केली पाहिजे. आपण या प्रश्नात तिऱ्हाईत नाही. उसाचे बिल हंगामाला येते, पण घरचा मीठ-मिरचीचा खर्च दुधाच्या पैशावर चालतो, असे आपल्यापैकी निम्म्या घरांचे गणित. तेव्हा "दूध म्हणजे अमृत, बाकी सारे खोटे" असे लिहून मोकळे होणे आपल्याला सोयीचे आहे. तसे करायचे नाही. उंदरांवर खरोखर काय झाले, ते दोन्ही बाजूंनी पाहू आणि मग ठरवू.

१. प्रयोग म्हणजे चाचणीचा प्लॉट

पाडेगावच्या ऊस संशोधन केंद्रात नवी जात कशी पारखतात, ते आपल्याला नवे नाही. एकाच रानात शेजारी शेजारी प्लॉट पाडायचे, पाणी तेवढेच, खत तेवढेच, लागणीची तारीख एकच. फरक फक्त बेण्याचा. मग टनेज आणि उतारा मोजायचा. उंदरांचा प्रयोग याच जातीचा. एका टोळीला एक खुराक, दुसऱ्या टोळीला दुसरा. बाकी पिंजरा, वय, वाण सगळे सारखे. शेवटी कोणात किती गाठी आल्या, ते मोजायचे.

पण प्लॉटची आणखी एक गोष्ट आपण अनुभवाने शिकलो आहोत. को ८६०३२ काळ्या निचऱ्याच्या रानात जसा येतो, तसा चोपण जमिनीत येईल का? नाही. जात तीच, जमीन बदलली की निकाल बदलला. उंदरांचेही तसेच. उंदराचा वाण कोणता, वय काय, त्याला आधी कोणते विष दिले होते, दूध कसले आणि किती, यांवर निकाल फिरतो. एवढे ध्यानात ठेवून पुढे वाचा.

२. आईचे दूध आणि उंदराचे पिल्लू

दूध आणि स्तनाचा कर्करोग यांची गाठ प्रयोगशाळेत पहिल्यांदा पडली ती गाई-म्हशीच्या दुधाने नव्हे, उंदरीच्याच दुधाने. अमेरिकेत बार हार्बर या गावच्या जॅक्सन प्रयोगशाळेत लहान जातीच्या उंदरांचे शुद्ध वाण पाळलेले होते. काही वाणांत माद्यांना स्तनाच्या गाठी फार, काहींत जवळजवळ नाहीत. संकर करून पाहिला, तर पिल्लाचा वाण आईवर जाई, बापावर नाही. १९३६ साली जॉन बिटनर या शास्त्रज्ञाने साधी युक्ती केली. गाठी होणाऱ्या वाणाची पिल्ले जन्मताच उचलून गाठी न होणाऱ्या वाणाच्या उंदरीला पाजायला दिली. म्हणजे दाई बदलली. ती पिल्ले मोठी झाल्यावर त्यांच्यात गाठी फारच कमी निघाल्या. रक्त तेच, दूध बदलले, रोग हटला.

दुधातली ती चीज पुढे सापडली. तो एक विषाणू निघाला. उंदरी आपल्या दुधातून तो पिल्लाला देते.

या कामात आपली मराठी माणसे मागे नव्हती, हे आवर्जून सांगावेसे वाटते. पुण्यात १९१७ साली जन्मलेल्या डॉ. कमल रणदिवे या फर्ग्युसन महाविद्यालयातील जीवशास्त्राच्या प्राध्यापकांच्या कन्या. मुंबईत डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्या हाताखाली त्यांनी संशोधन केले आणि १९४९ साली पीएच. डी. मिळवली. १९५२ साली परळला भारतीय कर्करोग संशोधन केंद्र उभे राहिले. तिथे त्यांनी शरीराबाहेर पेशी वाढवण्याची प्रयोगशाळा उभारली, उंदरांचे वाण सांभाळले, आणि स्तनाच्या कर्करोगात आनुवंशिकता, संप्रेरके आणि विषाणू एकमेकांशी कसे गुंततात, याचा वर्षानुवर्षे अभ्यास केला. १९८२ साली त्यांना पद्मभूषण मिळाले. ती संस्था २००२ साली खारघरला गेली. बदलापूर-अंबरनाथच्या मंडळींना ती काही लांब नाही, मलंगगडाच्या डोंगरापलीकडे नव्या मुंबईतच आहे.

साहजिकच पुढचा प्रश्न आला : मग बाईच्या दुधातही असा विषाणू असेल का? मुंबईच्या पारशी समाजात स्तनाचा कर्करोग इतरांपेक्षा जास्त आढळत असे. म्हणून अमेरिकन आणि मुंबईच्या शास्त्रज्ञांनी मिळून पारशी मातांचे दूध इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली तपासले. त्यात मुंबईच्या डॉ. सत्यवती शिरसाट आणि टाटा रुग्णालयाचे डॉ. पेमास्टर होते. १९७१ साली हे काम प्रसिद्ध झाले. उंदराच्या विषाणूसारखे कण काही नमुन्यांत दिसले आणि जगभर खळबळ उडाली. पण पुढच्या तपासात आईच्या दुधातून कर्करोग मुलीकडे जातो, असे सिद्ध झाले नाही. अंगावर पाजलेल्या मुलींना हा रोग जास्त होतो, असेही आढळले नाही. उलट २००२ साली ३० देशांतल्या ४७ अभ्यासांचा एकत्र हिशेब झाला. त्यात दिसले की बाईने बाळाला एकूण जितके महिने अंगावर पाजले, तितका तिचा स्वतःचा धोका घटतो. दर बारा महिन्यांमागे सुमारे ४ टक्क्यांनी.

पाहा कसे आहे. उंदरीच्या बाबतीत आईचे दूध रोग देणारे ठरले, बाईच्या बाबतीत पाजणे हे राखण करणारे ठरले. बिटनरचा प्रयोग सोळा आणे खरा होता. तो फक्त उंदरांपुरता खरा होता.

गाईगुरांतही रक्ताच्या कर्करोगाचा एक विषाणू आहे. २०१५ साली कॅलिफोर्नियातल्या काही शास्त्रज्ञांना त्याच्या खुणा स्तनाचा कर्करोग झालेल्या बायकांच्या शरीरात जास्त वेळा मिळाल्या. इतरांनी शोधल्या तेव्हा सर्वांना त्या मिळाल्या नाहीत. वाद मिटलेला नाही. पण दूध तापवले की तो विषाणू मरतो. आपल्या आज्या दुधाला उतू येईपर्यंत चुलीवरून हलू देत नसत, ती रीत मोडू नका. उल्हासनगर-अंबरनाथला तबेल्याचे सुटे दूध घेणाऱ्यांनी तर मुळीच नको.

३. मोठे उंदीर आणि पेल्यातले दूध

आता गाईच्या दुधाकडे येऊ. हे प्रयोग बहुतेक मोठ्या जातीच्या पांढऱ्या उंदरांवर झाले. रीत अशी. १९६१ साली चार्ल्स हगिन्स या शास्त्रज्ञाने दाखवून दिले की वयात येणाऱ्या मादी उंदराला डीएमबीए नावाचे रसायन एकदाच पाजले तरी काही महिन्यांत तिच्या स्तनांत गाठी येतात. हे धुरात, डांबरात असणाऱ्या घातक रसायनांच्या कुळातले आहे. तेव्हापासून खुराकाचा परिणाम पाहायचा तर आधी हे विष द्यायचे, मग निरनिराळा आहार द्यायचा आणि गाठी मोजायच्या, असा शिरस्ताच पडला. म्हणजे इथे "दुधाने कर्करोग झाला का?" असा प्रश्नच नसतो. कर्करोगाचे बी आधीच पेरलेले असते. दूध त्याला पाणी घालते की नाही, एवढेच पाहतात.

निकाल काय आले ते एकेक करून सांगतो.

दुधाविरुद्धचा पुरावा : २००४ साली जपानमधल्या शास्त्रज्ञांनी विष दिलेल्या मादी उंदरांना पाण्याच्या जागी कमी स्निग्धांशाचे दूध पाजले. शेजारच्या टोळीला पाणी, तिसरीला बनावट दूध, चौथीला स्त्रीसंप्रेरक मिसळलेले पाणी. दूध पिणाऱ्या टोळीत गाठी वाढल्या, तशाच संप्रेरकाच्या टोळीतही. त्यांचे म्हणणे असे की आजकाल गाय गाभण असतानाही धार काढली जाते, त्या दुधात इस्ट्रोजेन हे संप्रेरक असते, आणि गाठींना तेच चेतवते.

दुधाच्या बाजूचा पुरावा : २०११ साली दुसऱ्या एका प्रयोगात मादी उंदरांना वयात येण्याआधी, म्हणजे परकरी पोरीच्या वयात म्हणा ना, गाईचे दूध पाजले आणि विष नंतर दिले. तर त्यांच्यात गाठी कमी आल्या. दूधच ते, वय बदलले तर निकाल उलटा!

निवळीचा पुरावा : २००० साली अमेरिकेत आर्कान्सा इथे उंदरांना दुधातले केसीन हे प्रथिन एका टोळीला आणि निवळीतले प्रथिन दुसऱ्या टोळीला दिले. निवळीवाल्या टोळीत गाठी कमी. आपण चक्का बांधला की जे पाणी गोठ्यात ओततो, तीच ही निवळी.

लोणी-तुपाचा पुरावा : १९९९ साली अमेरिकेतच एका विशिष्ट स्निग्धाम्लाने समृद्ध केलेले लोणी उंदरांना दिले, तर गाठींचे प्रमाण घटले. हे आम्ल गाई-म्हशींच्या दुधात थोडेबहुत असतेच. आणि आपल्या देशात कर्नालच्या राष्ट्रीय डेअरी संशोधन संस्थेत गाईचे तूप आणि सोयाबीन तेल यांची तुलना झाली, ती २०११ साली प्रसिद्ध झाली. विष दोन्ही टोळ्यांना सारखे. सोयाबीन तेलाच्या टोळीत शेकडा ६५ उंदरांना गाठी, तुपाच्या टोळीत शेकडा २७.

आता लगेच कोणी म्हणेल, "बघा, तूप खा, तेल टाका!" थांबा. जे उंदरांवरून दुधाला फाशी देतात, त्यांची चूक आणि जे उंदरांवरून तुपाला हार घालतात, त्यांची चूक एकच आहे. दोघांनीही एका प्लॉटवरून सगळ्या जिल्ह्याचे टनेज काढले.

४. हैदराबादचे उंदीर आणि आपली पेंड

दुधाविरुद्ध बोलणारे एका प्रयोगाचा दाखला फार देतात. तो मूळचा आपल्या देशातला आहे. १९६८ साली हैदराबादला, आज राष्ट्रीय पोषण संस्था म्हणतात तिथे, माधवन आणि गोपालन यांनी उंदरांना अफ्लाटॉक्सिन दिले. हे बुरशी लागलेल्या शेंगदाण्यात तयार होणारे विष. मग एका टोळीच्या खुराकात केसीन शेकडा २० ठेवले, दुसरीच्या शेकडा ५. जादा केसीनच्या टोळीत यकृताच्या गाठी आल्या, कमीच्या टोळीत नाहीत. हाच धागा पुढे अमेरिकेत कॉलिन कॅम्पबेल यांनी वाढवला, आणि २००५ सालच्या त्यांच्या 'द चायना स्टडी' या पुस्तकातून तो जगभर गेला.

यात तीन गोष्टी नीट वाचायच्या. पहिली, ही गाठ यकृताची, स्तनाची नव्हे. दुसरी, त्याच हैदराबादच्या मंडळींनी आधी दाखवले होते की प्रथिन कमी मिळालेल्या लहान जनावरांच्या यकृताला ते विष जास्त बाधते. म्हणजे प्रथिन तोडून पोर वाचते, असा अर्थ निघत नाही. तिसरी गोष्ट आपल्या गोठ्यातली. विष होते बुरशीचे. बुरसटलेली शेंगदाणा पेंड, ओल लागलेली सरकी, काळी पडलेली मका आपण म्हशीपुढे टाकली, तर ते विष रूप बदलून दुधात उतरते. उकळून ते जात नाही. देशाच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने दुधात त्याची मर्यादा किलोमागे ०.५ मायक्रोग्रॅम ठेवली आहे. त्यांनीच २०१८ साली देशभरातून ६,४३२ नमुने तपासले, त्यांतले शेकडा ५.७ नमुने या मर्यादेबाहेर निघाले. पाण्याची भेसळ करणाऱ्याला आपण नावे ठेवतो. पण माणसाने खाऊ नये म्हणून बाजूला काढलेली पेंड म्हशीला घालणे हीही भेसळच आहे, फक्त ती वळसा घालून होते. आपल्या गावचे दूध टँकरने कुठे जाते? शहरातच. बदलापूरला सकाळी जी पिशवी फुटते, तिच्यात आपल्याच भावकीतल्या कुणाच्या गोठ्याचे दूध असू शकते. पेंडीचे पोते जमिनीवर न ठेवता फळीवर ठेवा, वास आला की टाकून द्या. जनावर विण्याआधी दोन महिने आटवा. त्यात वासराचे भले आहे, आणि गाभणपणाच्या शेवटच्या दिवसांतले जादा संप्रेरकांचे दूध पेल्यात येत नाही.

५. आता आपल्या साखरेचे

दुधाला लावलेली फूटपट्टी साखरेला लावली नाही, तर हा पाठ अप्रामाणिक ठरेल. २०१६ साली अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात लहान उंदरांना साखरेचा खुराक दिला. हा वाण मुळातच स्तनाच्या गाठी होणारा. पिष्ट खाणाऱ्या टोळीत सहा महिन्यांत शेकडा ३० उंदरांना गाठी दिसल्या, साखर खाणाऱ्या टोळ्यांत शेकडा ५० ते ५८ जणांना. ही बातमी आपल्याला गोड लागत नाही. पण आहे ती अशी आहे.

याचा अर्थ चहातल्या चमचाभर साखरेने कर्करोग होतो का? नाही. तो निष्कर्षही उंदरांपुरताच. पण एक गोष्ट माणसांत पक्की झाली आहे : पाळी गेल्यानंतर बाईच्या अंगावर चरबी फार चढली, तर स्तनाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. आणि चरबी चढवायला साखर मागे नाही. गावी शेतात राबणारी बाई आणि बदलापूरला चौथ्या मजल्यावर राहणारी तिचीच जाऊ, दोघींनी सारखीच बासुंदी खाल्ली तरी दोघींच्या अंगी ती सारखी लागत नाही. आपण साखर पिकवतो म्हणून ती पोत्याने खावी, असे कुठे लिहिले आहे?

६. उंदरांकडून बायकांकडे

मग प्रत्यक्ष बायकांत काय दिसले? इथेही एकमत नाही. २०२० साली अमेरिका-कॅनडातल्या सुमारे ५३ हजार स्त्रियांचा अभ्यास आला. रोज कपभर दूध पिणाऱ्यांत धोका ५० टक्क्यांपर्यंत जास्त दिसला. दही आणि चीज खाण्याशी मात्र संबंध आढळला नाही. २०२२ साली चीनमधल्या पाच लाखांवर स्त्री-पुरुषांच्या अभ्यासात रोजच्या दर ५० ग्रॅम दुधामागे स्तनाच्या कर्करोगाचा धोका १७ टक्के जास्त निघाला. दुसरीकडे, जागतिक कर्करोग संशोधन निधीने २०१८ साली सगळ्या जगाचे अभ्यास एकत्र मांडले. त्यांचे मत असे की पाळी चालू असलेल्या बायकांत दूधदुभत्याने धोका किंचित कमी होत असावा, पण हा पुरावा तोकडा आहे. मोठ्या आतड्याचा कर्करोग मात्र दुधाने बहुधा कमी होतो, असे त्यांनी म्हटले.

"पन्नास टक्के जास्त" हे शब्द ऐकून घाबरायला होते. म्हणून हिशेब समजून घ्या. शंभरातल्या पन्नास बायकांना होतो, असा त्याचा अर्थ नाही. समजा, शंभर बायकांत आयुष्यभरात चौघींना हा रोग व्हायचा असेल, तर पन्नास टक्के जास्त म्हणजे सहा. ही संख्या फक्त समजण्यासाठी घेतली आहे. फरक लहान नाही, पण तो नक्की दुधाचाच की दूध पिणाऱ्यांच्या बाकीच्या राहणीचा, हे वेगळे काढणे फार अवघड असते.

आपल्याच राज्यातले उदाहरण घ्या. बार्शीला कर्करोग रुग्णालय आहे, आणि १९८७ पासून बार्शी, भूम, परांडा या ग्रामीण भागातल्या कर्करोगाची नोंद तिथे ठेवली जाते. मुंबईतही तशी नोंद आहे. वयाचा फरक काढून टाकला तरी मुंबईच्या बायकांत स्तनाच्या कर्करोगाचे प्रमाण बार्शी भागाच्या दुपटीहून जास्त भरते. का? शहरात लग्न उशिरा, पहिले मूल उशिरा, मुले कमी, पाजणे कमी, अंगमेहनत कमी, वजन जास्त. पाळी लवकर येणे, घराण्यात रोग असणे, दारू, ही कारणेही शास्त्राने मान्य केलेली आहेत. आपली लेक गावाकडून बदलापूरला गेली, की यातल्या कितीतरी गोष्टी एकदम बदलतात. त्या साऱ्यांतून दुधाचा पेला तेवढा उचलून "हाच चोर" म्हणणे न्यायाचे नाही. तसेच "हा चोर नाहीच" अशी जामीनकीही शास्त्राने अजून दिलेली नाही.

मग करायचे काय? हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या सध्याच्या सल्ल्यात मोठ्या माणसाला दिवसाला सुमारे ३०० मिली दूध किंवा दही सांगितले आहे. तेवढे घ्यावे. त्यातले काही दही-ताक म्हणून घेतले तर अधिक बरे. लोटाच्या लोटा दूध रिचवण्याची गरज नाही. ज्याला दूध पचत नाही किंवा नको आहे, त्याने डाळ, तीळ, नाचणी, पालेभाजी, अंडी वाढवावीत. पण गरोदर सुनेचे दूध तोडायचे आणि त्या जागी ताटात काहीच वाढायचे नाही, हे मात्र उंदरांवरचा कोणताही प्रयोग सांगत नाही.

७. कासेला रोज हात लागतो

आता या पाठातली खरी गोष्ट. म्हशीच्या कासेला आपला हात रोज दोन वेळा लागतो. एक सड जरा कडक लागला, धारेत गाठ आली, की आपण म्हणतो, "दगडी झाली वाटतं," आणि त्याच दिवशी जनावरांच्या डॉक्टरला निरोप जातो. का? एक सड गेला तर किती नुकसान, हे आपल्याला पाठ आहे.

आणि घरातल्या बाईला गाठ लागली तर? ती कोणाला सांगत नाही. दुखत नाही म्हणून सोडून देते. सुगी होऊ दे, पोराची परीक्षा होऊ दे, दिवाळी होऊ दे, असे करत वर्ष काढते. नवऱ्याला कळले तरी "गरम पडलं असेल" म्हणून लेप लावला जातो. स्तनाचा कर्करोग सुरुवातीला बहुधा दुखत नाही, हेच तर त्याचे कपट. भारतातल्या बायकांत आज हा सगळ्यांत जास्त आढळणारा कर्करोग आहे, आणि आपल्याकडे पुष्कळजणी उशिरा येतात म्हणून दगावतात. दूध प्यावे की न प्यावे, याने धोका झालाच तर थोडा इकडेतिकडे होईल. गाठ महिन्यात दाखवली की वर्षाने, याने जीव वाचतो किंवा जातो.

याला पुरावा आहे, आणि तो उंदरांचा नाही, मुंबईतल्या बायकांचा आहे. टाटा रुग्णालयाने १९९८ पासून मुंबईच्या झोपडपट्ट्यांतल्या ३५ ते ६४ वयाच्या १,५१,५३८ स्त्रियांचा २० वर्षे अभ्यास केला. निम्म्या वस्त्यांत शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी हाताने तपासणी करत. मशीन नाही, क्ष-किरण नाही, नुसता शिकलेला हात. २०२१ साली निकाल आला. तपासणीच्या वस्त्यांत रोग लवकरच्या अवस्थेत सापडू लागला. पन्नाशीच्या पुढच्या बायकांत या रोगाने होणारे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी घटले. सगळ्या वयांचे मिळून १५ टक्के घट दिसली, पण ती योगायोगानेही असू शकेल इतकी होती, हेही त्यांनी प्रामाणिकपणे लिहिले.

म्हणून बायाबापड्यांनो, पाळी संपल्यावर चार-पाच दिवसांनी, आणि पाळी गेली असेल तर महिन्यातला एक दिवस ठरवून, आंघोळीच्या वेळी बोटांच्या पेरांनी दोन्ही स्तन आणि काखा चाचपून पाहा. पुढीलपैकी काही दिसले तर वाट पाहू नका :

– न दुखणारी, नवी किंवा वाढणारी गाठ, स्तनात वा काखेत;
– बोंड आत ओढले जाणे किंवा त्यातून रक्ताळ पाणी येणे;
– कातडीला खळी पडणे, ती संत्र्याच्या सालीसारखी दिसणे;
– एका स्तनाचा आकार अचानक बदलणे, न भरणारी जखम.

प्रत्येक गाठ कर्करोगाची नसते. बहुतेक साध्या निघतात. पण ते डॉक्टरने सांगायचे, शेजारणीने नाही. तिशीपुढच्या बायकांची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात होते, आशाताईंना विचारा. उल्हासनगर-अंबरनाथ-बदलापूरच्या मंडळींना उल्हासनगरचे शासकीय मध्यवर्ती रुग्णालय हाताशी आहे. तिथून पुढे पाठवले तर परळचे टाटा रुग्णालय आहे. बदलापूर स्टेशन मुंबईपासून ६८ किलोमीटर, अंबरनाथ ६०. कामासाठी आपली मुले रोज तो प्रवास करतात, आईसाठी एक दिवस करता येईल. गावाकडच्यांना बार्शी आहे. खर्चाची धास्ती असेल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची चौकशी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडे आधी करा.

पुरुष सभासदांना एकच सांगणे. घरातली बाई आपणहून बोलणार नाही. तिला विचारा. म्हशीची कास जितक्या सहज विचारता, तितक्याच सहज विचारा. त्यात लाजण्यासारखे काही नाही.

महिला मंडळाच्या बैठकीत हा पाठ वाचून दाखवावा आणि खालील प्रश्नांवर चर्चा करावी :

१. दाई बदलल्यावर बिटनरच्या उंदरांत गाठी कमी का झाल्या? तोच नियम माणसाला का लागू पडला नाही?
२. डीएमबीए दिलेल्या उंदरावरून "दुधाने कर्करोग होतो" असे म्हणता येईल का?
३. आपल्या गोठ्यातली पेंड कुठे आणि कशी ठेवलेली आहे?
४. आपल्या गल्लीत तिशीपुढच्या किती जणींची तपासणी झाली आहे? राहिलेल्यांना घेऊन कोण, कोणत्या वारी जाणार?

चौथ्या प्रश्नाचे उत्तर बैठकीच्या वहीत नावानिशी लिहावे, आणि पुढच्या बैठकीत ते आधी वाचावे.